केनियाला निघालात? आधी मुलांशी बोला

परदेशी सेवेचा विचार घरात सुरू होतो तेव्हा पहिले काही महिने तो नवरा-बायकोतच राहतो. मग पाळकांना सांगितलं जातं, मंडळीच्या कमिटीला, दोन्हीकडच्या आईवडिलांना. मुलांच्या कानावर बातमी जाते ती बहुधा सगळं ठरल्यावर, आणि तीही एखाद्या काका-मामाच्या तोंडून. केनियाला जायची तयारी करणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना मला सर्वांत आधी एवढंच सांगायचं आहे, की हा क्रम बदला. पाच-सहा वर्षांच्या मुलालाही आपलं घर बदलणार हे वेळेवर कळायला हवं. दहा-बारा वर्षांच्या मुलीला तर "मला नाही यायचं" हे मोठ्याने म्हणायची मोकळीक हवी. तिच्या नकाराने तुमचं पाचारण खोटं ठरत नाही. पण तो ऐकूनच न घेता निघालात, तर तीच नाराजी तिकडे वर्षभराने शाळेच्या तक्रारीतून, पोटदुखीतून नाही तर अबोल्यातून समोर येते, आणि तेव्हा धीर द्यायला आजी-आजोबा जवळ नसतात.

पूर्व आफ्रिकेतल्या प्रॉटेस्टंट मिशनकार्याचा आरंभच एका कुटुंबाच्या दुःखाने झाला. योहान लुडविग क्राप्फ १८४४ साली पत्नी रोझीनसह मोंबासाला उतरले. त्याच वर्षी जुलै महिन्यात रोझीन गेली आणि पाठोपाठ तिची नुकतीच जन्मलेली मुलगीही. आपल्या मंडळ्यांमध्ये ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतात, आणि ती त्यागाचीच आहे. पण रोझीनच्या काळी मलेरिया कशाने होतो हेही कुणाला ठाऊक नव्हतं. आज ते ठाऊक आहे, औषध आहे, मच्छरदाणी आहे. हाताशी असलेलं साधन न वापरणं याला त्याग म्हणता येणार नाही, ती हयगय आहे.

म्हणून आधी तब्येतीचं बघा. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचावर असल्याने तिथे मलेरियाचा धोका कमी. व्हिक्टोरिया सरोवराकाठचे किसुमू, सिआया, होमा बे हे भाग आणि मोंबासाची किनारपट्टी इथे मात्र तो भरपूर आहे. तिथे मच्छरदाणी रोज रात्री लागलीच पाहिजे, आणि मुलाला ताप आला तर "उद्या बघू" न म्हणता त्याच दिवशी रक्त तपासून घ्यायचं. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिथली वेळ आधी ठरवावी लागते. एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते, पण तिचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा, कारण केनियाहून परतताना भारतातल्या विमानतळावर ते मागतात. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ही लस सहसा देत नाहीत. तुमचं बाळ तेवढं लहान असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोला.

कागदपत्रांवर फार लिहीत नाही. धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी केनियात वेगळा परवाना असतो, तो यजमान मंडळीमार्फत काढायचा. मुलांच्या निवासाची आणि शाळेची परवानगी निराळी. पर्यटक म्हणून जाऊन तिकडे गुपचूप सेवा करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. खरेपणा शिकवायला निघालेल्या माणसाने पहिल्याच काउंटरवर खोटं बोलायचं, आणि मुलांनी ते शेजारी उभं राहून ऐकायचं, हे बरं नाही. सामान बांधतानाची एक गोष्ट मात्र नक्की सांगतो. २०१७ च्या ऑगस्टपासून केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. चिवडा, भाजणी, गोडा मसाला डब्यांत किंवा कापडी पिशव्यांत भरा.

आता शाळा. कुटुंब तिकडे टिकतं की परत येतं हे बऱ्याचदा शाळेवर ठरतं, म्हणून इथे घाई करू नका. केनियाचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि साधारण नोव्हेंबरपर्यंत तीन सत्रांत संपतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये परीक्षा दिली, मेमध्ये निरोप समारंभ झाला, जूनमध्ये निघालो, असा बेत सोयीचा वाटतो. पण मग मूल तिथे वर्षाच्या मध्यावर वर्गात शिरतं, जेव्हा मैत्र्या जमून गेलेल्या असतात. जमत असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जा. जानेवारीत सगळ्यांची नवी वही उघडते तेव्हा तुमच्याही मुलाची उघडेल.

शाळांचे पर्याय तीन. पहिला स्थानिक शाळांचा, जिथे २०१७ पासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम आला आहे. पाठांतरापेक्षा कृतीवर त्याचा भर आहे, आणि जुन्या पद्धतीची प्राथमिक शाळेच्या शेवटची परीक्षा २०२३ मध्ये अखेरची झाली. दुसरा पर्याय ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या खाजगी शाळा, भारतीय वंशाच्या समाजाने उभ्या केलेल्या काही शाळाही त्यांत येतात. फी ऐकून आधी दचकायला होतं. तिसरा निवासी शाळांचा. किजाबे इथली रिफ्ट व्हॅली अकॅडमी १९०६ पासून मिशनऱ्यांच्या मुलांना शिकवते आहे आणि तिच्या इमारतीची कोनशिला १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी बसवली होती. भारतात आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनीही आपली मुलं अशीच मसुरी नि कोडाईकॅनालच्या शाळांत ठेवली. त्यांतली कित्येक आनंदात वाढली, कित्येकांच्या मनात ते तुटलेपण म्हातारपणापर्यंत राहिलं. माझं मत स्पष्ट आहे: बारा वर्षांच्या आतलं मूल आईवडिलांजवळच असावं, मग त्यासाठी कामाचं गाव बदलावं लागलं तरी बदला. मोठं झाल्यावर त्याने स्वतः वसतिगृह मागितलं तर गोष्ट वेगळी.

परतीचाही विचार आत्ताच करा. महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात दहावी-बारावी कुठून केली, अधिवासाचा दाखला आहे का, याला महत्त्व असतं. परदेशी बोर्डाच्या प्रमाणपत्राला समकक्षतेचा दाखला लागतो. मुलगा आठवीत जाईल तेव्हा पती-पत्नीने बसून ठरवावं, की इथेच पुढे की मायदेशी. अकरावीत गेल्यावर ठरवायला बसलात तर उशीर झालेला असतो. आणि घरात मराठी नुसती बोलू नका, लिहून-वाचून घ्या. 'उपासना संगीता'तली गाणी, आजीला पत्र, किराण्याची यादी, काहीही चालेल. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथे संध्याकाळी साडेचारला फोन केला तर इथे सात वाजलेले असतात, आजी-आजोबा जेवायच्या आधी निवांत भेटतात. हा फोन आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी व्हावा.

स्वाहिली मुलं तुमच्या आधी शिकतील. नैरोबीत असाल तर स्वाहिली-इंग्रजीच्या मिश्रणातून झालेली शेंग नावाची रस्त्यावरची बोलीही उचलतील, आणि त्यावर रागावू नका, मित्र त्याच बोलीत मिळतात. अडचण वेगळीच होते. आईवडिलांची भाषा कच्ची राहिली की मूल त्यांचं दुभाषी बनतं. बाजारात ठीक आहे. पण दवाखान्यात, घरमालकाशी वाद चालू असताना, किंवा एखादी बाई स्वतःच्या संसाराचं दुःख सांगत असताना नऊ वर्षांच्या मुलाला मध्ये बसवू नका. त्याच्या वयाला न पेलणाऱ्या गोष्टी त्याच्या कानावर पडतात. पहिलं वर्षभर कामाचा व्याप कमी ठेवून दोघांनीही भाषा शिकावी. बहुतेक घरांत नवरा शिकतो आणि बायको स्वयंपाकघरात अडकते, मग तिची सेवा आणि तिचा एकटेपणा दोन्ही तिथेच कोंडून राहतात.

भारतीय चेहऱ्याला केनियात एक इतिहास आहे, हे गोऱ्या मिशनऱ्यांनी लिहिलेल्या मार्गदर्शनात सापडणार नाही. १८९६ पासून मोंबासाहून आत रेल्वे टाकली गेली तेव्हा हजारो भारतीय मजूर, मुख्यतः पंजाबातले, तिथे गेले. गुजराती व्यापाऱ्यांनी दुकानं थाटली, गोव्याची माणसं सरकारी कचेऱ्यांत कारकून झाली. २०१७ मध्ये केनिया सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. तेव्हा तुमच्या मुलाला पहिल्याच दिवशी कुणी 'मुहिंदी', म्हणजे भारतीय, म्हणालं, तर त्या एका हाकेत दुकानदार, मालक, पैसेवाला असं सगळं असतं. तुम्ही मंडळीच्या देणग्यांवर महिना काढणारं कुटुंब आहात हे समोरच्याला दिसत नाही. कुणी नोकरी मागेल, कुणी फी. शाळेत मुलाच्या डब्याकडे, पेन्सिलींकडे हात येतील. मुलांना याची कल्पना आधी द्या, आणि घराचा एक नियम ठरवा: मदत करायची ती स्थानिक मंडळीच्या माणसांना विचारून, त्यांच्या हातून, दारात एकट्याने नाही. यात कंजूषपणा नाही. कुणाची गरज खरी, कुणाला कालच मिळालं, हे त्यांना कळतं, तुम्हाला कळत नाही.

राहायचं कुठे, हेही याच विचाराने ठरवा. नैरोबीत बरीच भारतीय कुटुंबं पार्कलँड्स, वेस्टलँड्स भागात फाटकाआड, पहारेकऱ्याच्या भरवशावर राहतात. सुरक्षितता लहान मुलांसाठी महत्त्वाची आहेच. पण ज्यांच्यात सेवा करायची ती माणसं तुमच्या घरी चहाला न बिचकता येऊ शकतील एवढं तरी पाहा. उगाली खायला शिका. पांढऱ्या मक्याच्या पिठाची ती उकड सुकुमा विकीच्या भाजीबरोबर आपल्या मुलांना सहज आवडते. आणि चपाती तिकडे सणासुदीचं खाणं आहे. तुमच्या घरी ती रोज होते म्हटल्यावर मुलांचे मित्र आपोआप जमतील.

तुमची स्वतःची मुलं सेवेत कुठे बसतात? या प्रश्नावर अनेक भली माणसं चुकतात. प्रार्थनापत्रात मुलांचे फोटो छापले की देणगीदार हळवे होतात, व्यासपीठावर धाकटीने स्वाहिली गाणं म्हटलं की टाळ्या पडतात. हळूहळू मुलाला वाटू लागतं की आपण चांगलं वागलो नाही तर आईबाबांचं काम बुडेल. हे ओझं मुलावर घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याच्याविषयी पत्रात काही लिहायचं तर आधी त्याला वाचून दाखवा. त्याचं आजारपण, नापास होणं, "देव खरंच आहे का?" हा त्याचा प्रश्न, यांतलं काहीही परिपत्रकात जाता कामा नये. आणि हा प्रश्न त्याने विचारलाच, तर सेवा करणाऱ्याच्या घरात तो विचारता येतो याचं समाधान माना. रविवार तुमचा कामाचा दिवस असतो, म्हणून शनिवार मुलांचा ठेवा. त्या दिवशी सभा नाही, पाहुणे नाहीत, फोनही बंद.

आता इतरांच्या मुलांविषयी. केनियात दर दहा माणसांत आठांहून अधिक ख्रिस्ती आहेत. तिथे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, कॅथलिक, आफ्रिका इनलँड अशा जुन्या मंडळ्या आहेत, आणि जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त क्वेकर तिथे आहेत. रविवारच्या शाळा आहेत, त्या चालवणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांना मुलांसमोर कसं उभं राहायचं हे तुमच्यापेक्षा बरं कळतं. म्हणजे तुम्ही तिथे काही पहिल्यांदा सुरू करायला निघालेला नाहीत. आधी एक वर्ष मागच्या बाकावर बसा. कोणती गाणी मुलं अंगाने म्हणतात, गोष्ट सांगताना प्रत्येक ओळीला ती कसा प्रतिसाद देतात, मोठी बहीण धाकट्याला पाठीशी बांधून कशी येते, हे पाहा. मग शिक्षिकांना विचारा की कशाची उणीव आहे. बहुधा उत्तर येईल: प्रशिक्षण, चित्रं, आपल्या भाषेतली पुस्तकं. तिथे तुमचा उपयोग आहे. मराठी धड्यांचं भाषांतर करून वाटण्यात वेळ घालवू नका.

वेळापत्रकही तिथलंच धरा. आपली सुट्टीतली बायबल शाळा मे महिन्यात भरते. केनियात मोठ्या सुट्ट्या एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबरात येतात. त्यांतही डिसेंबरला शहरातली कुटुंबं मुलांसह गावी जातात, त्यामुळे नाताळचा मोठा बालमेळावा नैरोबीत ठेवलात तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील. ऑगस्ट उत्तम.

मुलांच्या सेवेचा एक धागा थेट नाशिकपर्यंत जातो. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळच्या शरणपूरला आणून शिकवली. त्यांतलाच जेकब वेनराइट १८७३-७४ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं शव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता. शरणपूरचे विल्यम साल्टर प्राइस १८७५ च्या सुमारास मोंबासाला फ्रीअरटाउनची वसाहत उभारायला गेले. तिचं नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्यावरून ठेवलेलं. नाशिकला वाढलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी दीक्षा दिली. या मुलांचे जीव वाचले, ती शिकली, त्यांनी पूर्व आफ्रिकेच्या मंडळीचा पाया घातला, याचा आपल्याला अभिमान असावा. पण त्यांची नावं बदलली गेली, भाषा गेली, आणि आफ्रिकेत परतल्यावर ती ना तिथल्या लोकांत पूर्ण मिसळली, ना युरोपीय मिशनऱ्यांच्या बरोबरीने वागवली गेली. मुलाला घरापासून तोडून केलेलं चांगलं कामही अपुरं राहतं.

म्हणून अनाथाश्रम काढू नका. देणगीदारांना ही कल्पना चटकन पटते, हे खरं. पण अशा संस्थांत ठेवल्या जाणाऱ्या अनेक मुलांचे आईवडील किंवा नातलग हयात असतात. त्यांच्याकडे फीला पैसे नसतात, एवढंच. केनिया सरकारने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, आणि २०२२ ते २०३२ साठीचं त्यांचं धोरण मुलांना कुटुंबांत परत नेण्याचं आहे. एका आजीला नातवंडं सांभाळायला हातभार लावला, तर त्याचा फोटो चांगला निघत नाही, पण ते काम टिकतं.

२०२३ मध्ये किलिफी परगण्यातल्या शाकाहोलाच्या जंगलात एका पंथाच्या अनुयायांचे ४०० हून अधिक मृतदेह उकरून काढावे लागले, आणि त्यांत खूप मुलं होती. त्यानंतर धर्माच्या नावाने मुलं गोळा करणाऱ्या परक्या माणसाकडे केनियातले लोक संशयाने पाहतात, आणि त्यांनी तसं पाहावं. तुमच्याकडेही. या संशयाला उत्तर वागणुकीनेच द्यावं लागतं. मुलांच्या खोलीत कधीही एकटा प्रौढ नसावा, किमान दोन असावेत, दार उघडं असावं. तुम्ही कोण, काय शिकवणार, किती वाजता सोडणार, हे पालकांना घरी जाऊन सांगावं आणि त्यांची परवानगी घ्यावी. खाऊ वाटून मुलं जमवू नयेत. किनारपट्टीवर आणि ईशान्येकडे अनेक कुटुंबं मुस्लिम आहेत. त्यांच्या मुलाला बापाच्या नकळत काही शिकवणं हे चोरपावलांनी घरात शिरणं आहे, ते करू नका. येशूकडे आलेल्या बालकांची गोष्ट आठवा, त्यांना मोठ्या माणसांनीच आणलं होतं. फोटो काढण्याआधीही पालकांना विचारायचं, २०१९ चा विदासंरक्षण कायदाही तेच सांगतो. एखाद्या मुलाला मारहाण किंवा त्याहून वाईट काही होत असल्याचं कळलं तर ते प्रार्थनेचा विषय म्हणून झाकून ठेवू नका. केनियातल्या मुलांसाठीचा मदत क्रमांक ११६ आहे, आणि बालकांविषयीचा २०२२ चा कायदा त्यांच्या बाजूने उभा आहे.

आणखी एक. सभेच्या शेवटी "येशूला कोण स्वीकारतं?" विचारून वर आलेले हात मोजण्याची पद्धत सोडा. आठ वर्षांचं मूल पाहुण्याला खूश करायला हात वर करतं. ते आकडे मायदेशी पाठवले की वार्षिक अहवाल भरतो, मुलाच्या आयुष्यात काही होत नाही. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढच्या आठवड्यात त्याच्या आजारी भावाची चौकशी करा.

परतायची वेळ आली की डेव्हिड पोलॉक यांनी मांडलेला क्रम उपयोगी पडतो. परक्या देशात वाढणाऱ्या मुलांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. आधी ज्यांच्याशी बिनसलंय त्यांच्याशी समेट, मग ज्यांनी जीव लावला त्यांचे आभार, मग माणसांचा, जागांचा, कुत्र्या-मांजरांचाही नीट निरोप, आणि शेवटी पुढच्या गावाचा विचार. सामानाच्या धांदलीत आपण तिसरी पायरी नेमकी गाळतो. मूल ती गाळू शकत नाही. आणि पुण्यात, अहिल्यानगरला किंवा सोलापूरला पोचल्यावर नातेवाइकांनी "आता आलास बाबा आपल्या घरी" म्हणून त्याला कवटाळलं, तरी त्याच्या लेखी घर मागे राहिलेलं असतं हे ध्यानात घ्या.

शेवटची विनंती पाठवणाऱ्या मंडळ्यांना. निरोपाची उपासना छापण्याआधी अंदाजपत्रक उघडा. त्यात मुलांची फी, औषधोपचार आणि दर दोन वर्षांनी आजी-आजोबांकडे येण्याचं तिकीट, हे तिन्ही खर्च कुटुंबाच्या महिन्याच्या रकमेपासून वेगळे धरा. तेवढी तरतूद होत नसेल तर कुटुंबाला अजून एक वर्ष थांबवा.